मांजर निसटलं, सापडत नाही : पहिल्या रात्रीपासून काय करायचं

आमची ठकी सहा वर्षांत तीनदा हरवली. पहिल्यांदा नऊ दिवस, दुसऱ्यांदा एक रात्र, तिसऱ्यांदा साडेतीन तास. ठकी आजही पहिल्याइतकीच भित्री आहे, कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाते. फरक पडला तो आमच्या शोधण्यात. पहिल्या वेळी तिच्या नावानं हाका मारत आम्ही अर्धी डोंबिवली पालथी घातली, रिक्षा करून स्टेशनपर्यंत जाऊन आलो, आणि ती होती आमच्याच इमारतीच्या डक्टमध्ये, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या सरळ खाली.

तेव्हापासून आसपासच्या बऱ्याच घरांतली मांजरं शोधायला गेले. दर वेळी तोच घोळ आणि त्याच चुका दिसतात, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे. तुमचं मांजर आत्ता, या क्षणी बेपत्ता असेल तर पुढचे दोन भाग वाचा आणि टॉर्च घेऊन निघा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आधी घर

बाहेर धावण्याआधी घर पुन्हा एकदा नीट बघा. टॉर्च घेऊन, गुडघ्यावर बसून. बॉक्स बेडच्या आत, दिवाणात, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये आणि मशीनच्या मागे, फ्रीजच्या मागे, गुंडाळून ठेवलेल्या गादीत, दुपारी पाच मिनिटं उघडं राहिलेल्या कपाटात. सोफ्याच्या खालचं कापड फाटलं असेल तर सोफ्याच्या पोटात हात घाला. आमच्या खालच्या मजल्यावरची मांजर दीड दिवस माळ्यावर गणपतीच्या मखराच्या सामानात बसली होती. घरचे लोक मात्र खाली पोस्टर चिकटवत होते. घाबरलेलं किंवा आजारी मांजर घरातल्या घरातसुद्धा ओ देत नाही.

घरात नाही अशी खात्री झाली की एकच प्रश्न विचारा: ती नेमकी कुठून आणि कधी गेली? दारातून, खिडकीतून, गॅलरीतून? शेवटचं कोणी पाहिलं आणि तेव्हा किती वाजले होते? पुढचा सगळा शोध या उत्तरावर ठरतो. दारातून गेलेली मांजर जिन्यात असते, खिडकीतून गेलेली छज्ज्यावर किंवा डक्टच्या तळाशी, गॅलरीतून पडलेली खाली झाडाझुडपांत, आणि बहुतेक वेळा जखमी. चुकीच्या दारापासून शोध सुरू केला की दिवस वाया जातात. आमचे सहा दिवस असेच गेले. त्याचं कारण पुढे सांगते, कारण ते मांजरापेक्षा माणसांचं आहे.

घरात राहणारं मांजर बाहेर पडलं की

जन्मभर फ्लॅटमध्ये राहिलेल्या मांजराला जिन्यापलीकडचं जग परकं असतं. तिथे दुसऱ्या बोक्यांचे वास असतात, कुत्री असतात, गाड्या असतात. असं मांजर लांब पळत नाही. पहिली जी अंधारी, अरुंद जागा मिळेल तिच्यात शिरतं आणि दगडासारखं बसून राहतं. आवाज केला तर जागा कळेल आणि जीव जाईल, एवढंच त्याच्या अंगात भिनलेलं असतं. म्हणून तुम्ही चार हातांवर उभे राहून रडत हाक मारलीत तरी ते गप्प राहतं. तिचं तुमच्यावर प्रेम नाही असं त्या क्षणी वाटतं. मला वाटलं होतं. तसं काही नसतं, ती भीतीनं गोठलेली असते.

२०१८ साली ‘ॲनिमल्स’ या संशोधनपत्रिकेत हरवलेल्या १,२१० मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरं हरवल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत सापडली होती. नुसती वाट बघणाऱ्यांपेक्षा स्वतः उतरून कोपरान्‌कोपरा शोधणाऱ्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त होती. हे ५०० मीटर सगळ्या प्रकारच्या मांजरांचे, बाहेर हिंडणाऱ्यांचेही. माझ्या पाहण्यातली घरकोंबडी मांजरं जवळजवळ सगळी आपल्या किंवा शेजारच्या इमारतीतच सापडली.

तेव्हा पहिले तीन दिवस स्टेशनकडे जाऊ नका. आपली इमारत, दोन्ही बाजूंच्या इमारती आणि मागची गल्ली एवढंच, पण तिथला एकही कोपरा सोडू नका. जिन्याखाली टाकलेलं भंगार. मीटर रूम. पंपाची खोली. लिफ्टची मशीन रूम आणि गच्ची, कारण घाबरलेलं मांजर वरही चढतं. आमची ठकी दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून थेट गच्चीच्या दारापाशी, टाकीच्या पाइपांमागे जाऊन बसली होती. आम्ही मात्र तासभर खालीच शोधत होतो. पार्किंगमधली प्रत्येक गाडी खालून बघा, चाकांच्या वरची पोकळी बघा, आणि सकाळी गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला बोनेटवर दोन थापा मारूनच गाडी सुरू करायला सांगा. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला मांजरं हमखास जातात. अर्धवट उघडी चेंबरं, कुंड्यांमागची जागा, पत्र्याच्या शेडवर टाकलेली जुनी ताडपत्री. तळमजल्यावरच्या दुकानांची मागची मोरी. आणि डक्ट, दोन फ्लॅटांमधली ती पाइपांची उभी पोकळी, जिथे वर्षानुवर्षं कोणी उतरत नाही.

बंद घरं विसरू नका. कोणी गावाला गेलं असेल आणि जाताना सामान खाली नेण्यासाठी दार उघडं राहिलं असेल तर मांजर आत कोंडलेलं असू शकतं. त्यांना फोन करा, किल्ली कोणाकडे आहे विचारा. लोकांना “मांजर दिसलं का?” असं विचारू नका. “नाही” एवढंच उत्तर येतं आणि संभाषण संपतं. “तुमच्या गॅलरीत, सामानामागे मी स्वतः दोन मिनिटं बघू का?” असं विचारा. परक्याच्या गॅलरीत वाकून बघायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. तो सोडावा लागतो.

वेळ महत्त्वाची. दिवसा एकदा सगळी फेरी मारा, पण खरा शोध रात्री एक ते पहाटे चार या वेळात. तेव्हा वाहनं थांबलेली असतात, माणसं झोपलेली असतात, आणि भुकेलेलं मांजर त्याच वेळी बाहेर डोकावतं. टॉर्च कमरेपाशी न धरता कपाळाजवळ धरा आणि प्रकाश जमिनीलगत हळूहळू फिरवा. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधारात दोन हिरवट-पिवळे ठिपके लखकन चमकतात. टॉर्च तुमच्या नजरेच्या रेषेत असला तरच ते दिसतात. जास्तीत जास्त दोघं जा. सोसायटीतली दहा मुलं मदतीला आली तर त्यांना दिवसा पोस्टर लावायला पाठवा. रात्री गर्दी झाली की मांजर आणखी आत सरकतं.

हाक मारायची तर घरात जेवणाच्या वेळी मारता तशीच, हळू आवाजात. त्यापेक्षा रोजचा आवाज करा: डब्याचं झाकण, खाऊच्या पुडीची चुरचुर, वाटीवर चमचा. मग थांबा. पाच मिनिटं काही न बोलता ऐका. बहुतेकांना हे जमत नाही. आवाज करत पुढे जातात आणि मागून आलेलं बारीक “म्यांव” राहून जातं.

वासासाठी सुकट किंवा जवळा तव्यावर कोरडा भाजून न्या. ताजी मासळी इतक्या लांब दरवळत नाही. पण खाणं ठेवून निघून जाऊ नका, त्यावर गल्लीतली मांजरं आणि घुशी येतात आणि तुमचं मांजर अजूनच दबून बसतं. खाण्यापाशी, आठ-दहा हात लांब, बसून राहा. तिची गोधडी किंवा तुम्ही दिवसभर अंगात घातलेला गाऊन तिथे ठेवा. मांजराच्या शू-शीची माती बाहेर ठेवा, असं खूपजण सांगतात. मी ते करत नाही. त्या वासानं आपलं मांजर येण्याआधी त्या भागातला बोका येतो.

बाहेर थांबणं शक्य नसेल तर घरातला जुना मोबाईल चार्जरला लावून कॅमेऱ्यासारखा ठेवता येतो. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पहिल्याच दिवशी सेक्रेटरींकडे मागा, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढतं. मांजर दिसतंय पण हाती लागत नाही, अशी वेळ आली तर भटक्या मांजरांची नसबंदी करून घेणाऱ्या लोकांकडे सापळ्याचा पिंजरा असतो, तो मागून आणा. पिंजऱ्यावर चादर टाका, आत सुकट ठेवा आणि नजर ठेवा. उन्हात अडकलेलं मांजर तासाभरात कासावीस होतं.

दिसलं तर झडप घालू नका. समोरासमोर बघू नका. बाजूला तोंड करून जमिनीवर बसा, डोळे हळूच मिटा-उघडा, खाणं पुढे सरकवा. पंधरा मिनिटं लागोत की दीड तास. हात लागला की मानेमागची कातडी आणि पोट असा दोन्हीकडून आधार द्या आणि उशीच्या जाड अभ्र्यात घाला. घाबरलेल्या मांजराला टोपलीत कोंबण्यापेक्षा अभ्रा बरा, अंधार झाला की ते शांत होतं. आणि चावलं किंवा ओरबाडलं तर, घरचं असलं आणि लसीकरण झालेलं असलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ते बाहेर कोणाशी भांडून आलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. रेबीजवर लक्षणं दिसल्यानंतर उपाय नाही.

बाहेर जाऊन-येऊन असणारं मांजर

याचं गणित वेगळं. त्याला रस्ता माहीत असतो, तेव्हा ते आलं नाही म्हणजे काहीतरी अडवतंय. कुठेतरी कोंडलं गेलंय, जखमी आहे, नवीन बोक्यानं हाकललंय, किंवा टेम्पोत चढून दुसऱ्या भागात उतरलंय. दुकानांची शटर उघडण्याच्या वेळेला तिथे हजर राहा. गोदामं, बांधकामाच्या जागा, त्या दिवशी कोणाचं घरसामान हललं का, हे विचारा. नसबंदी न झालेला बोका माजावर आलेल्या भाटीमागे दोन-चार दिवस जातो आणि फाटक्या कानानं परत येतो. हा प्रकार वरचेवर होत असेल तर शोधाची पद्धत बदलून उपयोग नाही, नसबंदी करून घ्या. इथे शोधाचं वर्तुळ मोठं ठेवावं लागतं.

कुत्रा, आणि दर वर्षीची दिवाळी

कुत्र्याच्या बाबतीत जवळजवळ सगळं उलटं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ किलोहर्ट्‌झच्या आसपास. आपल्याला नुसता धडाका वाटतो त्यात त्याला आणखी बरंच ऐकू येतं. फटाके रात्री आठ ते दहा एवढेच वाजवावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. आमच्या गल्लीत दिवेलागणीलाच सुरुवात होते. फटाक्याला भिऊन सुटलेला कुत्रा दिशा न बघता पळतो, कित्येक किलोमीटर जातो, आणि त्या अवस्थेत मालकालाही ओळखत नाही. त्याच्यामागे धावलं तर तो आणखी पळतो, आणि डोंबिवलीत पळण्याच्या वाटेवर रेल्वेचे रूळ आहेत.

म्हणून कुत्रा शोधायचा तो माणसांमार्फत. रिक्षा स्टँड, पहाटे फिरायला येणारे, दूध आणि पेपर टाकणारी मुलं, पार्सल पोहोचवणारे, घंटागाडीवाले, मटणाचं दुकान. आणि सगळ्यात आधी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारी माणसं. त्यांना आपल्या भागातला एकेक कुत्रा ठाऊक असतो, नवा आला की त्याच रात्री कळतं. सगळ्यांना एकच सांगा: दिसला तर पकडू नका, फोन करा, जमलं तर फोटो काढा. जिथून सुटला तिथे तुमचा वापरलेला कपडा आणि पाणी ठेवा, आणि घरी एक माणूस थांबवा. भानावर आला की बरेच कुत्रे त्याच वाटेनं माघारी येतात आणि दाराला कुलूप बघून पुन्हा जातात.

पालिकेच्या निर्बीजीकरण केंद्रात स्वतः जाऊन बघा, एकदा नव्हे, दर दोन दिवसांनी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटका कुत्रा शस्त्रक्रियेनंतर जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो आणि ओळखीसाठी कानाला खाच असते. पण ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतले भटके कुत्रे निवारागृहात न्यायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं आहे. तुमचा बिनपट्ट्याचा कुत्रा स्टेशनात शिरला तर बघणाऱ्याला तो भटकाच दिसणार. फोटो पाठवून “असा आला आहे का?” विचारणं पुरत नाही. आठ दिवसांत चिखलानं माखलेला, बारीक झालेला कुत्रा फोटोतल्यासारखा दिसत नाही.

पोस्टर, मेसेज आणि येणारे फोन

पोस्टर चालत्या रिक्षातून वाचता आलं पाहिजे. वर मोठ्या अक्षरांत “मांजर हरवलं आहे”, खाली एकच ठळक फोटो, रंग, भाग, तारीख, फोन नंबर. बस. मांजराचा स्वभाव, आवडीनिवडी, आपलं दुःख लिहावंसं वाटतं, पण जागा नसते. मराठीबरोबर हिंदीतही एक ओळ टाका, वॉचमन आणि पार्सलवाल्या मुलांसाठी. पावसाळा असेल तर लॅमिनेट करा. सार्वजनिक भिंतींवर चिकटवू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा राज्याचा कायदा आहे, आणि तसंही ती पोस्टरं दुसऱ्या दिवशी निघतात. दुकानाच्या काउंटरवर, इस्त्रीवाल्याकडे, जनावरांच्या डॉक्टरांकडे विचारून लावलेली टिकतात.

मोबाईलवरच्या मेसेजमध्ये तारीख टाकाच. तारीख नसलेला मेसेज तीन-तीन वर्षं फिरत राहतो, आणि मांजर घरात झोपलेलं असताना नाशिकहून फोन येतात.

एक खूण मुद्दाम लपवून ठेवा: शेपटीखालचा पांढरा डाग, तळव्याचा काळा ठिपका. फोन येईल तेव्हा ती विचारा. “तुमचं मांजर माझ्याकडे आहे, पेट्रोलचे दोन हजार आधी पाठवा” असे फोन येतातच, आणि ते आपण सगळ्यात खचलेले असतो त्या वेळी येतात. आधी व्हिडिओ कॉल, मग भेट, मग पैसे. क्यूआर कोड किंवा ओटीपीचा विषय निघाला की फोन ठेवा. बक्षिसाचा आकडा पोस्टरवर लिहू नये असं माझं मत आहे, “योग्य बक्षीस” पुरे.

जातिवंत कुत्रं किंवा मांजर कोणी उचललं असा खरा संशय असेल तर पोलिसांत तक्रार द्या. पाळीव प्राणी कायद्यानं मालमत्ता आहे आणि चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. लसीकरणाचं पुस्तक, जुने फोटो, मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी नंबर बरोबर न्या. चौकीत “मांजर?” असं म्हणून कोणी हसलं तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

घरातली माणसं

आता ते सहा दिवस.

ठकी पहिल्यांदा गेली त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “दार कोणी उघडं ठेवलं?” घरात त्या वेळी फक्त सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, “मी नाही हो. मी दाराला हातसुद्धा लावला नाही.” मग आम्ही ठरवून टाकलं की सकाळी कचरा देताना ती निसटली असणार. जिना, पार्किंग, समोरचा रस्ता, सगळं दारापासून सुरू झालं.

सासूबाई जेवेनाशा झाल्या. मला वाटलं, आपल्यासारखंच त्यांनाही लागलंय. सातव्या दिवशी रात्री भांडी आवरताना त्या ओट्यापाशीच बसून रडायला लागल्या. फडकं वाळत घालायला त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी सरकवली होती आणि लावायची राहिली होती. दाराला हात लावला नाही हे खरंच होतं. मी दाराबद्दल विचारलं, तेही त्या सुरात, आणि त्या खिडकीचं बोलल्याच नाहीत. “तू काय म्हणशील याची भीती वाटली गं,” म्हणाल्या. त्याच रात्री आम्ही डक्टमध्ये टॉर्च टाकला. तळाशी, तुटक्या पाइपामागे दोन डोळे चमकले. तिला बाहेर काढायला आणखी दोन दिवस लागले.

म्हणून शोधाच्या पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्यानं सांगा: चूक कोणाचीही असो, आज कोणी कोणाला बोलणार नाही, फक्त काय काय उघडलं आणि कधी, ते सांगा. कामवाल्या ताईंना, मुलांना, घरी आलेल्या सुताराला, सगळ्यांना. भ्यालेला माणूस तपशील लपवतो, आणि मांजर त्या तपशिलातच असतं.

स्वतःलाही बोलू नका. रात्री अंथरुणावर पडलं की दाराची कडी, जाळीचा खटका पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो. मला त्यावर एकच उपाय सापडला: वही. काय शोधलं, कोणाशी बोललो, उद्या कुठे जायचं, हे लिहून वही मिटायची. रात्रीच्या फेऱ्या वाटून घ्या. एकाच माणसानं रोज पहाटे चारपर्यंत जागायचं ठरवलं की चौथ्या दिवशी तो आजारी पडतो. जेवा. घरात दुसरं मांजर असेल तर तेही दारापाशी बसून राहतं, खाणं सोडतं, त्याला वेळ द्या. मुलांना “ती गावी गेली” असं सांगू नका. हरवली आहे, आपण शोधतोय, एवढं खरं त्यांना पेलतं. वाटीत सुकट भरायचं काम द्या.

“मांजरच तर आहे, दुसरं आणा” असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात रात्रीच्या फेरीची शक्ती घालवू नका.

एक प्रश्न फार जड आहे, पण विचारावा लागतो. झाडलोट करणाऱ्यांच्या मुकादमाला विचारा, की या भागात एखादं मेलेलं जनावर उचललं का. मी दर वेळी विचारलंय आणि दर वेळी हात थरथरलेत. पण वर्षभर वाट बघत राहण्यापेक्षा कळलेलं बरं, हे ज्यांना कळलं त्यांनीच मला सांगितलं.

आणि कधी थांबायचं? मघाशी सांगितलेल्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत जिवंत मिळाली होती आणि वर्षभरात सुमारे ६१ टक्के. म्हणजे आठवडा उलटला की आशा संपली असं मुळीच नाही. पण तीन महिन्यांनंतर सापडणारी थोडी असतात. रोजची फेरी आठवड्याची करा, पोस्टर बदला, खाऊ घालणाऱ्यांच्या संपर्कात राहा. घरातली तिची वाटी कधी उचलायची हे तुम्ही ठरवा, दुसऱ्या कोणी नाही.

सापडल्यावर

आनंदात ताटभर मासे वाढू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते, विशेषतः ते आधी गुटगुटीत असेल तर, आणि एकदम खूप खाणंही अंगावर येतं. पाणी, थोडंसं मऊ खाणं, दोन-तीन तासांनी पुन्हा थोडं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. ते स्वतःहून खात नसेल तर वाट न बघता लगेच. एका शांत खोलीत ठेवा. घरातलं दुसरं मांजर फिस्कारेल, कारण हिच्या अंगाला परका वास असतो. दोन-चार दिवसांत निवळतं.

पुन्हा जाऊ नये म्हणून

डासांची जाळी मांजराला अडवत नाही, नखांनी फाटते. कबुतरांची नायलॉनची जाळीही काही मांजरं कुरतडतात. खिडक्यांना स्टीलची जाळी आणि खटका लावा. दाराला सेफ्टी डोअर असेल तर एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा, पार्सल घेतानाही. नसबंदी करा. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात. तिच्यामुळे जनावर कुठे आहे हे कळत नाही, सापडल्यावर कोणाचं हे कळतं. फोन नंबर बदलला की तिची नोंदही बदला. गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच. मांजरासाठी ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टा घ्या, नाहीतर ते फांदीला लटकतं. एअरटॅगसारखी, पट्ट्याला लावायची आणि जागा दाखवणारी टिकली जवळून जाणाऱ्यांच्या फोनवर अवलंबून असते, डक्टच्या तळाशी तिचा भरवसा धरू नका. कुत्र्याला दिवाळीचे चार दिवस हार्नेस आणि पट्टा दोन्ही घाला, आणि दिवेलागणीच्या आधी फिरवून आणा.

आणि रोज एकाच आवाजावर खाऊ द्या. आमच्याकडे जवळ्याच्या पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवतात. सहा महिने रोज.

गेल्या श्रावणात रंगारी आले होते तेव्हा खिडकीची जाळी काढलेली होती. रात्री साडेअकराला लक्षात आलं की ठकी नाही. मी दाराकडे वळले तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, “खिडकी. मीच पुसायला उघडली होती चारच्या सुमारास.” आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची डक्टच्या तोंडाशी ठेवली, डबा मांडीवर घेतला आणि मला लांब बसायला सांगितलं. दर थोड्या वेळानं दोनदा चमचा वाजवायचा, मग गप्प. पावणेतीनला पहिला आवाज आला. तीन वाजता ठकी त्यांच्या पायाशी होती आणि त्या तिला एकेक करून जवळा भरवत होत्या.